मग सांगितले नाही, म्हणू नका

बँकेत पस्तीसेक वर्षे काढलेल्या माणसाला नोटिशीची भाषा कुणी वेगळी शिकवावी लागत नाही. तालुक्याच्या शाखेत असताना आम्ही थकबाकीदारांना नोटिसा धाडत असू. छापील नोटीस आली की कर्जदार ती वाचतही नसे. विजेच्या बिलांबरोबर तारेत ओवून मोकळा होई. कडक शब्दांतली दुसरी नोटीसही त्याच तारेत जाई. पण एकदा आमच्या साहेबांनी कागदाच्या तळाशी हाताने एकच ओळ लिहिली : ‘यापुढील पत्रव्यवहार वकिलामार्फत होईल.’ दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने गृहस्थ शाखेत हजर! त्या ओळीत ना शिवी होती, ना धमकी. आवाज चढला नव्हता. उलट उतरला होता. आणि नेमके तेच त्या माणसाला कळले होते.

चिनी वर्तमानपत्रे अमेरिकेविषयी काय लिहितात, ते वाचताना मला ती ओळ हटकून आठवते.

आपल्याकडे ‘चीनची धमकी’ म्हणून जे दाखवले जाते, ते बहुधा ‘ग्लोबल टाइम्स’च्या इंग्रजी आवृत्तीतले असते. १९९३ साली निघालेले हे पत्र ‘पीपल्स डेली’च्याच घरातले, पण घरातल्या तोंडाळ धाकट्यासारखे. जुलै २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैवानला निघाल्या, तेव्हा या पत्राचे माजी संपादक हू शीजिन यांनी अमेरिकी लढाऊ विमाने सोबत असतील तर ती पाडावीत, इथवर मजल मारली. मजकूर नंतर काढला गेला. पेलोसी २ ऑगस्टला तैपेईत उतरल्या, भेटीगाठी घेऊन परतही गेल्या. चीनने मागाहून मोठ्या लष्करी कवायती केल्या हे खरे. पण विमान काही पडले नाही. जुन्या लोकांना आठवेल, १९५८ पासून पुढे अमेरिकेला चीनने असे ‘गंभीर इशारे’ शेकड्यांनी दिले होते. रशियन भाषेत ‘चीनचा अखेरचा इशारा’ हा फुसक्या धमकीचा वाक्प्रचारच होऊन बसला.

मग सगळेच फुसके म्हणायचे काय? तसे म्हणणारा फसतो.

‘पीपल्स डेली’ हे कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीचे मुखपत्र. त्यात कोण लिहितो यावरून मजकुराचे वजन ठरते. संपादकीयाचे वजन सर्वांत जास्त, ‘भाष्यकारा’च्या लेखाचे त्याखालोखाल. शिवाय काही ठरीव टोपणनावे आहेत. परराष्ट्र व्यवहारावर ‘झोंग शेंग’ या नावाने लेख येतात. शब्दशः अर्थ घंटानाद. पण उच्चारातून ‘चीनचा आवाज’ असाही ध्वनी निघतो. या नावाचा कुणी इसम नाही. ती खुर्ची आहे, माणूस नव्हे. जशी नोटिशीखाली सही शाखाधिकाऱ्याची असते, पण बोलत असते ती बँक.

या पत्राच्या कोठारात एक जुने वाक्य आहे. त्याचा आशय असा : आधी सांगितले नव्हते, असे मग म्हणू नका. २२ सप्टेंबर १९६२ च्या अंकात ते भारताला उद्देशून आले आणि २० ऑक्टोबरला सीमेवर तोफा सुरू झाल्या. डिसेंबर १९७८ मध्ये ते व्हिएतनामसाठी आले. १७ फेब्रुवारी १९७९ रोजी चिनी फौजा व्हिएतनाममध्ये घुसल्या. आणि २९ मे २०१९ रोजी ते अमेरिकेसाठी छापले गेले. विषय होता दुर्मिळ मृदा धातूंचा, ज्यांच्यापासून मोटारी, पवनचक्क्या आणि क्षेपणास्त्रे यांना लागणारे जबर लोहचुंबक बनतात. त्याआधी नऊच दिवस शी जिनपिंग जियांग्शी प्रांतात अशा चुंबकांच्या कारखान्याला भेट देऊन आले होते आणि त्याची छायाचित्रे देशभर झळकली होती. आधी चित्र, मग वाक्य.

त्या वर्षी काहीच घडले नाही. जगाने नोटीस तारेत ओवली. पण हुंडी फाटली नव्हती. तिची मुदत भरायची होती. २०२३ मध्ये गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर बंधने आली. ४ एप्रिल २०२५ रोजी सात दुर्मिळ धातूंना परवाना सक्तीचा झाला. मे महिन्यात फोर्डचा शिकागोतला कारखाना आठवडाभर बंद राहिला आणि पावसाळ्यात आपल्या पुण्याच्या बजाज ऑटोलाही विजेवरच्या दुचाकींचे उत्पादन घटवावे लागले. ऑक्टोबरात चीनने बंधने आणखी आवळली. ३० ऑक्टोबरला बुसानमध्ये ट्रम्प आणि शी भेटले, तेव्हा ती वाढीव बंधने वर्षापुरती स्थगित झाली. जो लढाऊ विमाने पाडा म्हणत होता, त्याचे काही झाले नाही. ज्याने वाक्य हळू उच्चारले, त्याने सहा वर्षांनी वसुली केली.

हीच गोष्ट गोड शब्दांचीही. जानेवारी १९६९ मध्ये ‘पीपल्स डेली’ने निक्सन यांचे शपथविधीचे भाषण समग्र छापले. सोबतच्या लेखात त्यांना शिव्या होत्याच, पण भाषणाला कात्री लागली नव्हती. २५ डिसेंबर १९७० रोजी पहिल्या पानावर माओंशेजारी उभ्या असलेल्या एडगर स्नो या अमेरिकी पत्रकाराचे छायाचित्र आले. तो निरोप इतका बारीक होता की वॉशिंग्टनला त्याचा पत्ताच लागला नाही, हे पुढे किसिंजर यांनीच लिहून ठेवले. फेब्रुवारी १९७२ मध्ये त्याच पानावर माओ आणि निक्सन हस्तांदोलन करताना दिसले. नोव्हेंबर २०२३ मध्ये शी सॅन फ्रान्सिस्कोला निघायच्या सुमारास फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या १९७३ च्या दौऱ्याच्या हृद्य आठवणी चिनी पत्रांत एकाएकी उमलल्या, त्याही अशाच.

यात मला कौतुकापेक्षा खेद अधिक वाटतो. ज्या वाचकाला वीस वर्षे अमेरिका हा कागदी वाघ म्हणून शिकवला, त्याला एका सकाळी हस्तांदोलनाचे चित्र दाखवले गेले. मधल्या काळात त्याला कुणी विचारले नाही, आणि विचारायची त्याला सोयही नव्हती. आपली वर्तमानपत्रे चुकतात, भांडतात, एकमेकांना खोटे पाडतात. ती गैरसोय मी आनंदाने पत्करतो. पण म्हणून शेजाऱ्याचा कागद न वाचता फेकावा, असे होत नाही.

आपण करतो ते नेमके उलटे. रात्रीच्या चर्चेत तोंडाळ धाकट्याचे वाक्य घेऊन तासभर आरडाओरडा, आणि थोरल्याच्या मुखपत्रातली ओळ मूळ चिनीतून वाचणारी माणसे तयार करण्याबाबत मात्र अनास्था. कडक शब्द मोजणे सोपे असते. कुणी, कुठे, कोणत्या नावाने लिहिले आणि कालपर्यंतचा कोणता शब्द आज गळला, हे पाहायला वर्षानुवर्षांची बैठक लागते.

१९६२ साली मी पाळण्यातून नुकताच उतरलो होतो. आईने त्या वर्षी हातातली एक बांगडी राष्ट्रीय संरक्षण निधीला दिली, असे घरात सांगत. दुसरी तिने शेवटपर्यंत एकटीच घातली. ते वाक्य वेळेवर नीट वाचले असते तर युद्ध टळले असते, असा दावा मी करणार नाही. पण नोटीस पोचली होती. आपण ती तारेत ओवली होती, एवढे मात्र खरे.