विवेकाधिकार ठाण्यात, उत्तरदायित्व कोठे?

३० मार्च १९९७ रोजी काँग्रेसने देवेगौडा सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि राजधानीचे सारे लक्ष राष्ट्रपती भवनाकडे लागले. दुसऱ्याच दिवशी भरदुपारी कॅनॉट प्लेसजवळच्या बाराखंबा रस्त्यावर दिल्ली पोलिसांच्या गुन्हे शाखेने एका निळ्या मारुती एस्टीम गाडीवर गोळ्यांचा वर्षाव केला. उत्तर प्रदेशातील कुख्यात गुंड यासीन त्या गाडीत आहे, अशी पथकाची समजूत होती. प्रत्यक्षात गाडीत हरियाणातील व्यापारी होते. दोघे ठार झाले, तिसरा जबर जखमी झाला. पोलीस आयुक्त निखिल कुमार यांना पद सोडावे लागले. पुढे ते खासदार आणि राज्यपाल झाले, तो भाग वेगळा.

ओळख पटविण्यातील चूक एवढ्यावरच हे प्रकरण थांबले असते, तर त्याची चर्चा वेगळ्या अंगाने झाली असती. परंतु गोळीबारानंतर पोलिसांनी जो गुन्हा नोंदविला, तो गाडीतील लोकांविरुद्ध होता. त्यांनी आधी गोळ्या झाडल्या आणि पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर दिले, असा त्याचा मथितार्थ. गाडीत पिस्तूलही ‘सापडले’. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात ही कहाणी कोसळली. पिस्तूल मागाहून ठेवले गेले होते. सहायक पोलीस आयुक्त एस. एस. राठी यांच्यासह दहा पोलिसांना ऑक्टोबर २००७ मध्ये जन्मठेप झाली. उच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०११ रोजी ती कायम केली. चौदा वर्षांनी का होईना, एका गोष्टीचा निर्णय लागला. शस्त्र उगारण्याचा निर्णय क्षणात घ्यावा लागतो, हा बचाव समजण्यासारखा आहे. मात्र पंचनामा क्षणात लिहिला जात नाही.

त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १३ मे २०११ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठासमोर मुंबई पोलिसांचे प्रकरण होते. ११ नोव्हेंबर २००६ रोजी वाशीतून उचलून वर्सोव्यात ‘चकमकीत’ मारला गेलेला लखन भैया हा त्याचा विषय. वरिष्ठांचा आदेश होता, ही सबब बनावट चकमकीत चालणार नाही, असा आदेश नाकारणे हे पोलिसाचे कर्तव्यच आहे, असे न्या. मार्कंडेय काटजू यांच्या खंडपीठाने न्यूरेम्बर्ग खटल्याचा दाखला देऊन बजावले. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ‘चकमकफेम’ प्रदीप शर्मा यांची निर्दोष मुक्तता रद्द करून त्यांना जन्मठेप सुनावली. त्याविरुद्ध त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. महाराष्ट्राने या अधिकाऱ्यांचे एकेकाळी किती कौतुक केले, याचे विस्मरण होऊ नये.

आदेश नाकारणाऱ्या हवालदाराच्या पाठीशी कोण उभे राहणार, हा खरा प्रश्न आहे. प्रकाश सिंह प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. प्रमुखांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास व बंदोबस्त यांची फारकत, तक्रार प्राधिकरण हे त्यातील महत्त्वाचे. दिल्लीत काय झाले? जुलै २०२१ मध्ये गुजरात केडरचे राकेश अस्थाना यांना निवृत्तीला चार दिवस उरले असताना मुदतवाढ देऊन आयुक्तपदी बसविण्यात आले. आव्हान मिळताच, हे निर्देश राज्यांच्या पोलीस प्रमुखांसाठी आहेत, दिल्लीसाठी नाहीत, असा पवित्रा केंद्राने घेतला आणि उच्च न्यायालयाने नियुक्ती वैध ठरविली. कायद्याच्या दृष्टीने ते ठीक असेलही. पण ज्या शहराचे पोलीस दल निवडून आलेल्या मुख्यमंत्र्यांच्या नव्हे, तर केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अधीन आहे, तेथे प्रमुखाच्या स्वातंत्र्याची हमी अधिक हवी की कमी?

राजधानी परिसराचा गुंता याहून मोठा आहे. नोएडात खोली, दिल्लीत नोकरी आणि मानेसरला कारखान्याची फेरी, असा दिवस काढणारा मराठी कर्मचारी तीन सरकारांच्या तीन पोलीस दलांच्या हद्दीतून जातो. आयुक्तालय पद्धतीत प्रतिबंधक कारवाईचे दंडाधिकाऱ्याचे अधिकारही पोलिसांकडे येतात. दिल्लीत ती १९७८ पासून आहे, गौतम बुद्धनगरला २०२० मध्ये आणि गाझियाबादला २०२२ मध्ये आली. अधिकार असे एकवटत गेले, त्या मानाने देखरेख वाढली नाही.

सामान्य माणसाची गाठ पडते ती मात्र पिस्तुलाशी नव्हे, अटकेच्या अधिकाराशी. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का आवश्यक आहे याची कारणे लिहिलीच पाहिजेत, अन्यथा नोटीस पुरे, असे अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्ये ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्येही हीच व्यवस्था आहे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली पोलिसांच्या विशेष कक्षाने ‘न्यूजक्लिक’चे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांना केलेली अटक बेकायदा ठरविली. अटकेची कारणे लेखी दिली नव्हती, एवढाच तो मुद्दा.

वरळीतील मोटार अपघात प्रकरणात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत द्यावीत. ताबडतोब शक्य नसेल तर निदान कोठडीसाठी न्यायालयात हजर करण्याच्या दोन तास आधी द्यावीत. दिल्लीच्या ठाण्यांतील हिंदी ही सिनेमातील हिंदी नव्हे. ‘फर्द’, ‘तहरीर’, ‘रोजनामचा’ यांनी ती खच्चून भरलेली असते. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयालाही या शब्दांबद्दल पोलिसांना सुनवावे लागले होते. लातूर वा सांगलीहून आलेल्या मजुराला या कागदावर सही करताना आपण काय मान्य करतो आहोत, हे कळण्याचा मार्ग आजवर नव्हता. निकाल साऱ्या देशावर बंधनकारक आहे. राजधानीतल्या प्रत्येक ठाण्यात मराठी, बंगाली, तमिळ भाषांतर दोन तासांत कोणी करायचे आणि तो खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली घालायचा, हे आता गृहमंत्रालयाला ठरवावे लागेल.