बांधतो फार, वाचत नाही

कथा छापून आली की आम्ही तिची चिरफाड करतो. गझलेत एक मात्रा घसरली तर मुशायऱ्यात कुजबुज होते. पण गावात घरोघरी चंदा फिरवून इमारत उभी राहते, तीन पिढ्या तिच्यात वावरणार असतात, आणि तिच्याविषयी आम्ही एवढेच बोलतो, ‘माशाअल्लाह, छान झाली.’ याला कौतुक म्हणू नये. हा आळस आहे.

धारणीकडे पाहा. मेळघाटातल्या या तालुक्याच्या गावाभोवती कोरकूंच्या वस्त्या आहेत. समोरासमोर घरांच्या दोन ओळी, मध्ये रुंद रस्ता, बांबूच्या तट्ट्यांवर शेणामातीचा लेप, वर कवेलू. या घरांना आम्ही ‘कच्ची’ म्हणत आलो आणि सिमेंटच्या खोलीला ‘पक्की’. पाहण्याआधीच निकाल देणारे हे शब्द आहेत. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर ठरले. आकडा वाढला, हे चांगलेच झाले. पण त्यात मोह कुठे वाळवायचा, शेळी कुठे बांधायची, मे महिन्यात टिनाखाली बाळंतीण कशी निजेल, हे कोण विचारणार? दुसरी बाजूही खरी आहे. मातीची भिंत दरवर्षी सारवावी लागते आणि ते काम बाईच्याच हातांवर पडते; बांबूला वाळवी लागते. म्हणून सिमेंट मागणाऱ्याला अडाणी ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही. दोन्ही बाजू तपासून बोलणे म्हणजेच समीक्षा.

आता आमच्या अंगणात येऊ. या भागातल्या एका मशिदीच्या बांधकाम बैठकीत आम्ही सुचवले की घुमटाचा खर्च वाचवून छत उंच घ्यावे, झरोके ठेवावेत, बायांसाठी वेगळा दरवाजा आणि जागा करावी. एक वयस्कर चाचा म्हणाले, ‘घुमट नसन त लोकं मशीद कशी वयखतीन?’ प्रश्न प्रामाणिक होता. आम्ही गप्प बसलो, आणि ती गप्प आम्हाला आजही टोचते, कारण उत्तर धारणीहून बऱ्हाणपूरला जाणाऱ्या रस्त्यावरच होते. बऱ्हाणपूरची जामा मशीद फारुकी सुलतानाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधली. दर्शनी बाजूला पंधरा कमानी, दोन उंच मिनार, आणि घुमट नाही. आत अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरला आहे. चारशे वर्षांत तिला मशीद म्हणून ओळखण्यात कुणाची चूक झाली नाही.

मदीनेत पैगंबरसाहेबांनी उभारलेली मशीद तर कच्च्या विटांची होती. खजुराच्या खोडांचे खांब, वर झावळ्यांचे छप्पर. आजच्या काळातले बोलायचे तर ढाक्यात मरिना तबस्सुम या स्त्री वास्तुविशारदाने बैतुर रऊफ मशीद बांधली. घुमट नाही, मिनार नाही. विटांच्या जाळीतून हवा येते, छतातून उजेड झिरपतो. 2016 मध्ये तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

घुमटाशी आमचे वैर नाही. विजापूरच्या गोल घुमटात कुजबुजही फिरून कानी येते. तिथे घुमट काम करतो. आमचा आक्षेप सपाट स्लॅबवर नुसत्या दिखाव्यासाठी बसवलेल्या घुमटाला आहे. तो ना हवा देतो ना आवाज, आणि वीज गेली की खाली नमाजी घामाने भिजतात.

हाच आगाखान पुरस्कार 1998 मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, आपल्याच महाराष्ट्रात आला होता, चोपडा तालुक्यातल्या कुष्ठरुग्णांच्या रुग्णालयाला. नॉर्वेच्या दोन वास्तुविशारदांनी ते स्थानिक दगडात, अंगणाभोवती, थोडक्या खर्चात बांधले. 2007 मध्ये तो बांगलादेशातल्या रुद्रपूरच्या माती-बांबूच्या शाळेला मिळाला. ज्या माती-बांबूला मेळघाटात आम्ही गरिबीची खूण समजतो, तिथे जगाने विद्या पाहिली. आमच्यातल्या किती जणांनी या इमारतींवर चार ओळी वाचल्या? किती जणांनी लिहिल्या?

पुरस्कार मिळाला म्हणून मान तुकवावी, असेही नाही. इजिप्तच्या हसन फतही यांनी 1940 च्या दशकात नवे गुर्ना हे मातीचे सुंदर गाव वसवले, पण ज्यांच्यासाठी वसवले ते बहुतेक लोक तिथे राहायला गेलेच नाहीत. त्यांची रोजी जुन्या गावाशी बांधलेली होती. इमारत सुंदर असूनही माणसाला चुकू शकते. हे सांगायलाही समीक्षकच लागतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आपल्या वार्षिकांत कवितासंग्रहांच्या परीक्षणाशेजारी एका तरी नव्या मशिदीचे, शाळेचे, वसतिगृहाचे, घरकुलाचे परीक्षण यावे. लेखकाने तिथे भरदुपारी बसावे. वुजूचे पाणी कुठे जाते ते पाहावे. गुडघे दुखणारा म्हातारा किती पायऱ्या चढतो ते मोजावे. बाई आत कुठून येते, की येतच नाही, हे लिहावे. पैसा कुणाचा, नकाशा कुणाचा, सावली कुणाला, हे विचारावे.

वाईट कविता पान उलटले की संपते. वाईट इमारतीत आपली मुले पन्नास वर्षे घाम गाळतात. पुढच्या बैठकीत चाचांनी तोच प्रश्न विचारला तर आम्ही गप्प बसणार नाही. त्यांना सोबत घेऊन बऱ्हाणपूरची एसटी धरू.