लिस्बनमध्ये पाव, बटाटा आणि पगार

लिस्बनला जायचं ठरवलंत तर पहिली खरेदी कॅमेऱ्याची नको, बुटांची करा. हे शहर सात टेकड्यांवर वसलंय असं गाईडबुक सांगतं. पायांना विचाराल तर ते निदान सतरा सांगतील. फुटपाथवर पांढऱ्या-काळ्या दगडांचे छोटे छोटे तुकडे बसवलेले असतात. ते चालून चालून इतके गुळगुळीत झालेत की दोन थेंब पाऊस पडला तरी साबण फासल्यासारखे होतात. हाय हील्स हॉटेलातच राहू द्या. पण एकदा चढ चढून एखाद्या 'मिरादोरो'वर, म्हणजे आपल्या व्ह्यू पॉइंटवर पोचलात, की खाली लाल कौलं आणि त्यापलीकडे समुद्राएवढी रुंद तेजू नदी दिसते. मग दुखऱ्या पोटऱ्यांबद्दल कोणी बोलत नाही.

माझ्याबरोबर माझी मैत्रीण होती. मूळची मडगावची, आता पुण्यात आयटीत. तिच्या सॅकमध्ये एक निळी फाइल होती आणि फाइलमध्ये तिच्या बाबांचा १९५७ सालचा जन्मदाखला, पोर्तुगीजमधला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्याआधी तिथे जन्मलेल्यांची नोंद पोर्तुगालमध्ये करून घ्यायची आणि त्या आधारावर पुढच्या पिढीने पोर्तुगीज पासपोर्ट मिळवायचा, ही वाट हजारो गोवेकरांनी धरलीय. युरोपियन युनियनमध्ये कुठेही नोकरी करता येते, हे त्यातलं आमिष. पण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. तो पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट परत करायचा, मतदानाचा हक्कही गेला. शिवाय तिचे आजोबा १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहियांच्या सभेच्या गर्दीत होते, ही त्यांच्या घरातली सगळ्यात अभिमानाची गोष्ट! थोडक्यात काय, ती पासपोर्टचं ठरवायला आली होती आणि मी खायला. दोन्ही कामं बहुतेक वेळा एकाच टेबलावर झाली.

तर आधी टेबल. लिस्बनमध्ये जेवायचं ते 'ताश्का'त. ताश्का म्हणजे आपल्या खानावळीचा युरोपियन मावसभाऊ. आठ-दहा टेबलं, त्यावर कागद अंथरलेला, कोपऱ्यात टीव्हीवर फुटबॉल आणि दुपारी 'प्रातू दु दिया', म्हणजे आजची थाळी. दहा-बारा युरोत पोट भरतं. बसल्या बसल्या वेटर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतो. हे वेलकम स्नॅक्स फुकट नसतात हं! खाल्लं तर बिलात येतं, हात न लावता 'नको' म्हटलं तर तो मुकाट्याने परत नेतो. त्यात कोणाला राग येत नाही. आणि रात्री सातला भूक लागली असेल तर बिस्किटं खा. लोक आठशिवाय जेवायला बाहेर पडत नाहीत.

मेनूकार्ड इंग्रजीत नसलं तरी घाबरू नका. मराठी माणसाला ते अर्धंअधिक कळतं. बटाट्याला 'बताता', पावाला 'पाँव', अननसाला 'अननास', काजूला 'काजू'. खोलीची चावी 'शाव्ह', चहा 'शा'. सगळ्यात धमाल म्हणजे 'पगार'. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ पैसे देणं, चुकते करणं. आपल्याकडे महिन्याच्या एक तारखेला जो येतो तो पगार आणि तिकडे काउंटरवर जो जातो तोही पगार. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट बघणाऱ्या कुठल्याही नोकरदाराला यातलं तत्त्वज्ञान समजावून सांगायला नको.

मुंबईचा वडापाव घ्या. पाव त्यांच्या भाषेतला, बटाटा हा शब्द त्यांचा आणि पीक त्यांनी दक्षिण अमेरिकेहून आणलेलं, मिरचीही तिकडचीच. उरलं काय, बेसन आणि आपला हात. परतफेड म्हणून आपण त्यांना सामोसा दिला. लिस्बनमधल्या कुठल्याही साध्या बेकरीच्या काचेत केकच्या शेजारी 'शामुसा' असतो. मात्र आत बहुतेकदा बीफ किंवा चिकन, तेव्हा शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं. तसंच 'काल्दू व्हेर्द' या बटाटा आणि पालेभाजीच्या झकास सूपमध्ये सॉसेजची चकती तरंगत असते. आधीच सांगितलं तर वगळतात.

आणि 'बाकल्याव'! खारवून वाळवलेला कॉड. गंमत म्हणजे हा मासा पोर्तुगालच्या समुद्रातला नाहीच, तो नॉर्वेसारख्या थंड देशांकडून येतो. दुकानात तो लाकडाच्या फळ्यांसारखा रचलेला असतो आणि वास थेट आपल्या सुक्या बोंबलांच्या गल्लीतला. दिवसभर किंवा त्याहूनही जास्त वेळ पाण्यात भिजवून मीठ काढायचं, मग शिजवायचा. वर्षाच्या ३६५ दिवसांसाठी ३६५ पद्धती आहेत असं तिथले लोक म्हणतात. मला आवडला तो 'आ ब्राश': माशाचे धागे, काडीसारखे तळलेले बटाटे आणि अंडं, सगळं एकत्र परतलेलं. माझी मैत्रीण पहिल्या घासाला म्हणाली, "आईच्या सुक्या सुंगटांच्या किसमुरीत खोबरं असतं, एवढाच फरक." फरक एवढाच नाही, पण घरच्या चवीपुढे वाद घालू नये.

साइटसीइंगमध्ये आधी एक तारीख लक्षात ठेवा, १ नोव्हेंबर १७५५. सकाळी भूकंप, मग त्सुनामी, मग आग. त्यानंतर नव्याने बांधलेला 'बायशा' भाग आज पट्टीने आखल्यासारखा सरळ आहे, तर बऱ्याच अंशी वाचलेलं 'आल्फामा' गिरगावच्या वाड्यांसारखं वाकडंतिकडं, वाळत घातलेल्या कपड्यांसकट. आल्फामात नकाशा बंद करून हरवावं. ट्राम नंबर २८ तिथूनच जाते, पिवळी, छोटी, भयंकर फोटोजेनिक. सकाळी लवकर गाठा आणि पर्स पुढे धरा. गर्दीवर जगणारी मंडळी फक्त दादर स्टेशनवर असतात असं नाही.

आता बेलेम. जेरोनिमुश मठ म्हणजे दगडात केलेलं भरतकाम. १५०१ च्या सुमाराला काम सुरू झालं आणि पैसा आला कुठून, तर आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. म्हणजे आपल्याकडच्या मिऱ्यांतून. चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को-द-गामाची कबर लागते. हात जोडून पहुडलेला संगमरवरी पुतळा. शाळेत आपण 'वास्को-द-गामा कालिकतला पोचला, १४९८' एवढं घोकलं आणि पाच मार्क मिळवले. १५०२ च्या दुसऱ्या फेरीत त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं 'मिरी' नावाचं जहाज बायकामुलांसकट जाळलं, हे पाठ्यपुस्तकात वाचल्याचं मला आठवत नाही. तो १५२४ मध्ये आपल्या कोचीतच वारला आणि आधी पुरला गेला तोही तिथेच.

मैत्रीण कबरीपुढे बराच वेळ उभी होती. म्हणाली, "आजोबा असते तर आत यायला नाही म्हणाले असते. आणि बाहेर जाऊन चार पास्तेल खाल्ले असते."

ते पास्तेल म्हणजे मठापासून दोन मिनिटांवरच्या दुकानातले, १८३७ पासून चालू. आख्यायिका अशी की मठांमध्ये कपड्यांना खळ करायला अंड्यातला पांढरा बलक वापरत, उरलेल्या पिवळ्याचं काय करायचं म्हणून ही मिठाई. १८३४ मध्ये मठ बंद झाले आणि रेसिपी दुकानात गेली, ती आजही गुपित आहे. बाहेर पार्सलची लाइन बघून परत फिरू नका, आत भरपूर टेबलं आहेत. गरम पास्तेल, खुसखुशीत पापुद्रे, मधे जळके डाग पडलेलं कस्टर्ड, वरून दालचिनी. इथे मी डाएट हा शब्द उच्चारला नाही, तुम्हीही उच्चारू नका.

समोर नदीकाठी 'पाद्रांव', दर्यावर्दींचं जहाजाच्या आकाराचं स्मारक. त्यावर वास्को आहे आणि जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते सेंट फ्रान्सिस झेव्हियरही. कायमस्वरूपी उभारलं १९६० साली, पुढच्याच वर्षी गोवा गेला. टायमिंग पाहा!

सगळ्यांत जास्त थांबले मी मात्र 'साँव व्हिसेंत दे फोरा'त. पर्यटकांच्या टॉप फाइव्हमध्ये हा मठ नसतो, मुंबईकरांच्या असायला हवा. जिच्या लग्नात हुंडा म्हणून मुंबई दिली गेली, ती कॅथरिन ऑफ ब्रॅगान्झा इथे आहे. १६६१ चा करार, नवरा इंग्लंडचा दुसरा चार्ल्स. त्याला बेटं परवडेनात, म्हणून १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. दहा पौंड! आज एवढ्यात नरिमन पॉइंटला कॉफी येते. इंग्लंडच्या दरबारात चहा लोकप्रिय करण्याचं श्रेय कॅथरिनला देतात. नवरा गेल्यावर ती लिस्बनला परतली, १७०५ मध्ये वारली. राजघराण्याची ही दफनाची जागा आधी मठाचं भोजनगृह होती. म्हणजे मुंबई जिच्यापायी इंग्रजांना मिळाली ती बाई एका जुन्या डायनिंग हॉलमध्ये, भिंतीकडेच्या रांगेत, नातेवाइकांमध्ये झोपलीय. आम्ही दोघीच होतो. बाहेर मंगळवारचा चोरबाजार भरला होता, 'फैरा दा लाद्रा', त्याचा आवाज गच्चीपर्यंत येत होता.

गच्चीवर तिने फाइल काढली. आंतोनियो कोस्तांची गोष्ट तिनेच सांगितली. त्यांचे लेखक वडील गोव्याच्या घराण्यातले, घर मडगावात, घरी हाक 'बाबुश'. कोस्ता २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान होते आणि २०१७ मध्ये भारताने त्यांना ओसीआय कार्ड दिलं. "त्यांना आपलं कार्ड, मला त्यांचा पासपोर्ट. बार्टर सिस्टिम!" ती हसली, फाइल परत आत गेली.

गुरुवारी ती वकिलाकडे जाऊन आली. कागद पुरे आहेत, राहिलीय ती तिची सही. बाहेर पडून आम्ही साँव दोमिंगूशच्या चौकात 'जिंजिन्या' घेतली, आंबट चेरीची गोड दारू, छोट्या ग्लासात, उभ्या उभ्या, १८४० पासूनच्या खिडकीवजा दुकानात. चार पावलांवर १५०६ च्या कत्तलीत मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे, २००८ मध्ये बसवलेलं. लोक ग्लास हातात घेऊनच त्याच्याजवळ जातात, वाचतात, गप्प होतात.

जाणार असाल तर मे किंवा सप्टेंबर बरा. सोमवारी जेरोनिमुश बंद असतो. १२ जूनच्या रात्री सेंट अँथनीच्या सणाला आल्फामाच्या गल्लोगल्ली सार्डिन भाजतात, म्हणजे आपल्या तारलीच्या बहिणी. तेव्हा हॉटेलं महाग आणि झोप अशक्य. मैत्रिणीला नेमकं तेव्हाच परत जायचंय. कुठल्या पासपोर्टवर, ते अजून ठरलेलं नाही.