शुश्रूषा करणाऱ्यांचा हक्काचा डोस

ब्रिटनमध्ये 8 डिसेंबर 2020 रोजी कोविड लसीकरण सुरू झाले. लसीकरणविषयक तज्ज्ञ समितीने ठरवलेल्या नऊ प्राधान्यगटांपैकी सहाव्या गटात घरच्या वृद्ध किंवा अपंग माणसाची विनामोबदला शुश्रूषा करणारेही होते. आठवड्याला किमान 35 तास शुश्रूषा करून सरकारी भत्त्यास पात्र ठरणारे, किंवा कोविडचा जास्त धोका असलेल्या व्यक्तीचा एकमेव वा मुख्य आधार असलेले, असे निकष होते. फेब्रुवारी 2021च्या मध्यापासून या गटाची पाळी आली, तेव्हा धडधाकट तरुणांपैकी काहींना आपण दुसऱ्याचा डोस घेत असल्याची बोच लागली.

ही बोच अनाठायी होती. अंथरुणाला खिळलेल्या आईला कुशीवर वळवताना, घास भरवताना, कपडे बदलताना दोन मीटरचे अंतर पाळता येत नाही. शुश्रूषा करणाराच आजारी पडला तर घरात दोन रुग्ण होतात आणि आधार तुटलेल्या माणसाला रुग्णालयात किंवा शुश्रूषागृहात हलवण्याची वेळ येते. त्यामुळे या एका डोसवर दोघांची सुरक्षितता अवलंबून असते.

शिवाय हा क्रम धोका पाहूनच लावलेला होता. 80 वर्षांवरील नागरिक आणि आरोग्य कर्मचारी आधीच्या गटांत होते. आपली पाळी सोडल्याने तो डोस आपोआप अधिक गरजू माणसाला मिळत नाही. उघडलेली कुपी तर काही तासांतच वापरावी लागते. म्हणून बोलावणे आले की निःशंक मनाने लस घेणे हा शुश्रूषेचाच भाग ठरतो.