प्रबंध कोणापुढे वाचावा?

सामाजिक शास्त्रे, विधी आणि वाणिज्य या विद्याशाखांतील पीएच. डी.च्या संशोधनाशी मराठी विभागाचा संबंध काय, असा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकास पडणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तो संबंध भाषेचा आहे, आणि भाषेचा असल्यामुळेच तो वरवरचा नाही.

यवतमाळ जिल्हा गेल्या दोन दशकांत संशोधकांच्या फार आवडीचा झाला आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्या, कापसाचा व्यापार, कोलामांचे वनहक्क, वणीकडील कोळशाच्या खाणी, पुसद-दिग्रस भागातील बंजारा तांड्यांचे स्थलांतर, यांपैकी एखाद्या विषयावर कोठे ना कोठे प्रबंध चालू नाही असे वर्ष सापडणे कठीण. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने राज्यातील शेतकरी आत्महत्यांचा अहवाल सिद्ध केला. त्यानंतर हा ओघ वाढतच गेला. प्रश्नावली घेऊन येणारा तरुण हा आता गावच्या पारावर ग्रामसेवकाइतकाच परिचयाचा झाला आहे. मात्र त्या प्रश्नावलीतून पुढे काय निष्पन्न झाले, हे सांगण्यासाठी तो तरुण पुन्हा पारावर आल्याचे फारसे ऐकिवात नाही. त्याचे निष्कर्ष जेथे वाचले जातात तेथे पार नसतो, वातानुकूलित सभागृह असते. आणि श्रोते म्हणजे आपापली पाळी येण्याची वाट पाहणारे इतर संशोधक.

यास विद्यार्थीच जबाबदार आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या विनियमांनी प्रबंध दाखल करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे व परिषदांत वा चर्चासत्रांत दोन निबंध सादर करणे बंधनकारक केले. हेतू चांगला होता. परंतु सक्ती आली की तिच्यामागे दुकान येते, तसे येथेही झाले. नोंदणी शुल्क भरावे, दहा मिनिटांत चित्रफलक सरकवावेत, प्रमाणपत्र घ्यावे आणि भोजनोत्तर परतीची गाडी धरावी, हा चर्चासत्रांचा रिवाज होऊन बसला. 2022 च्या विनियमांनी ती सक्ती उठविली. रिवाज मात्र विनियमाबरोबर उठत नाही.

2006 पासून राज्यातील विद्यापीठांत भरणारी ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा या बाबतीत विचार करण्याजोगी आहे. तीत मानव्यविद्या, भाषा व ललितकला हा एक गट, तर वाणिज्य, व्यवस्थापन व विधी हा दुसरा. स्पर्धेच्या सोयीसाठी अशी वाटणी लागते हे मान्य. परंतु या वाटणीत समाजाचा अभ्यासक एका दालनात उभा राहतो आणि कायद्याचा दुसऱ्या, आणि यवतमाळच्या शेतकऱ्याचे दुखणे नेमके या दोन दालनांमधल्या भिंतीत असते.

उदाहरण म्हणून एकच शब्द घेऊ. आपल्याकडे दुसऱ्याचे शेत ठरावीक रकमेने किंवा धान्याने वर्षभर करावयास घेणे याला ‘मक्ता’ म्हणतात. पिकात वाटा असेल तर ती ‘बटई’. हा व्यवहार बहुधा तोंडी असतो, कारण विदर्भाच्या 1958 च्या कूळकायद्याने कुळाला दिलेल्या संरक्षणामुळे मालक कागद करावयास धजत नाही. कागद नाही म्हणून मक्तेदाराचे नाव सातबाऱ्यावर नाही, सातबारा नाही म्हणून बँकेचे पीककर्ज नाही. मग बियाणे, खत आणि फवारणीचे औषध कृषी केंद्रातून उधारीवर येते. अशा माणसाने आत्महत्या केली की शासनाच्या 2006 च्या निर्णयाप्रमाणे एक लाख रुपयांच्या साहाय्यासाठी त्याचे प्रकरण तपासले जाते. शेतजमीन कुटुंबाच्या नावे होती काय, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे होते काय, हे पाहिले जाते. उत्तर नकारार्थी आले की शेरा पडतो : अपात्र.

आता हा मक्ता तिन्ही शाखांच्या संशोधनात कसा येतो ते पाहावे. विधीचा विद्यार्थी त्याला ‘अनौपचारिक कूळवहिवाट’ म्हणतो. वाणिज्याचा विद्यार्थी त्याच माणसाची उधारी ‘असंस्थात्मक पतपुरवठा’ या रकान्यात टाकतो. समाजशास्त्राचा विद्यार्थी त्याला ‘भूमिहीन’ ठरवून शेतमजुरांत मोजतो. तिन्ही प्रबंध आपापल्या जागी शास्त्रशुद्ध असू शकतील. परंतु तीन नावांखाली एकच माणूस आहे, हे सभागृहातील कोणाच्या ध्यानात येत नाही. श्रोत्यांत एखादा मक्त्याने शेती करणारा बसलेला असता तर त्याने पहिल्याच चित्रफलकाला हात वर केला असता. संशोधनाचे परीक्षण याहून वेगळे काय असते?

‘औषध’ हा शब्दही असाच. 2017 च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. प्रकरण पुढे स्वित्झर्लंडपर्यंत गेले. 1968 चा कीटकनाशक अधिनियम, विक्रेत्याची परवानापद्धती, रोजंदारीवर फवारणाऱ्याची सामाजिक स्थिती, अशा तिन्ही अंगांनी हा विषय संशोधनाला बोलावतो. परंतु गावात कीटकनाशक कोणीच म्हणत नाही, औषध म्हणतात. विषाला औषध म्हणणारी भाषा त्याच्या हाताळणीवर काही परिणाम करते काय, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाने विचारावयाचा आणि इतरांनी पडताळावयाचा. प्रश्नावलीत ‘आपण कीटकनाशक वापरताना संरक्षक साधने वापरता का’ असे छापले की हा प्रश्न जन्मण्यापूर्वीच मरतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्रजीऐवजी मराठी आणली की काम भागले, असे मला म्हणावयाचे नाही. 1998 च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. परंतु निकालपत्र हाती पडलेला पक्षकार आजही वकिलाकडे पाहूनच विचारतो, ‘साहेब, लागला की नाही?’ आपल्या कला शाखेतील पुष्कळसे प्रबंध मराठीतच असतात, आणि त्यांतली मराठी मक्तेदाराला इंग्रजीइतकीच परकी असते. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश उपयोगाचे आहेत, त्यांची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. परंतु कोश संज्ञा देतो, श्रोता देत नाही. आणि श्रोता समोर असल्यावाचून संज्ञेतील माणूस दिसत नाही. ज्यांच्या नावाचे आपले विद्यापीठ आहे ते गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारून उत्तर श्रोत्यांकडून वदवून घेत. आपण नाव घेतले, पद्धत घेतली नाही.

परंपरा नव्हती असेही नाही. अमरावतीत शिकलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कॉर्नेल विद्यापीठासाठी जातिसंस्थेवर इंग्रजीत प्रबंध लिहिला, आणि परत येऊन ज्ञानकोशाचे 23 खंड मराठीत उभे केले. त्रिंबक नारायण आत्रे यांना डॉक्टरेट नव्हती. तरी त्यांच्या 1915 च्या ‘गावगाड्या’ला वगळून महाराष्ट्राच्या खेड्याविषयी आजही लिहिता येत नाही. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार हे शब्द त्यांनी गावाच्या तोंडून घेतले, म्हणून ते गावाला परत करता आले.

जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासातील एक प्रसंग मात्र मला सर्वांत बोलका वाटतो. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला भरलेल्या 92 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्यामुळे उठलेल्या वादळात ही निवड झाली होती, आणि ती तडजोड होती असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. तरीही आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची पत्नी म्हणून जी स्त्री एरवी एखाद्या प्रबंधाच्या कोष्टकात एक अंक होऊन राहिली असती, ती त्या दिवशी व्यासपीठावर होती आणि प्राध्यापक-लेखक मंडळी समोर बसून ऐकत होती. बोलणारा आणि ऐकणारा यांच्या जागांची ही अदलाबदल संमेलनाला साधली, ती विद्यापीठांना का साधू नये?

आक्षेप येईल की संशोधन हे तज्ज्ञांसाठी असते, सभेच्या टाळ्यांवर निष्कर्ष ठरत नसतात. ते खरे आहे. आपला दावा खोडला जावा असे न वाटणारे बलवान श्रोतेही गावात असतात. कृषी केंद्राच्या मालकापुढे उधारीवरचा निबंध वाचणे सोपे नाही. इंग्रजीवाचून बाहेरच्या जगात मान्यता मिळत नाही, हेही मी नाकारीत नाही. म्हणून प्रबंध इंग्रजीत असावा, मौखिक परीक्षा तज्ज्ञांनीच घ्यावी. मागणे इतकेच आहे की, दाखल करण्यापूर्वीचे जे खुले सादरीकरण विभागात होते, त्याच्या आधी एक सादरीकरण ज्या तालुक्यातून माहिती गोळा केली तेथे व्हावे. वणी, पांढरकवडा, पुसद, उमरखेड, कोठेही महाविद्यालयाचे एक सभागृह मिळते. कोलामांवरचा प्रबंध असेल तर पोडावर जावे; तेथे मराठीही दुसरी भाषा आहे याची आठवण ठेवून दुभाष्या सोबत न्यावा. श्रोत्यांनी खोडलेले शब्द आणि घेतलेल्या हरकती टिपून त्या परिशिष्ट म्हणून प्रबंधाला जोडाव्यात. हे टिपण्याचे काम मराठी विभागांनी अंगावर घ्यावे. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बोलीच्या अभ्यासाचा याहून चांगला पाठ मिळणार नाही.

अशी सभा कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र ठेवू नये. त्या दिवसांत बाया पहाटेपासून शेतात असतात, आणि त्या आल्या नाहीत तर सभेला येणारे पुन्हा आपणच.