रंग चुकला की आधी फोटो बदलू नका

घरच्या प्रिंटरवर छापलेला फोटो पडद्यावरच्यासारखा आला नाही, की बहुतेक जण फोटो पुन्हा उघडतात, जरा उजळ करतात, लाल कमी करतात आणि दुसरा कागद घालतात. मग तिसरा. शाई जाते, महागाचा ग्लॉसी कागद जातो, आणि इतक्या फेरफारांनंतर तो फोटो चांगल्या स्टुडिओत दिला तरी धड छापला जात नाही. म्हणून कळकळीची विनंती आहे: रंग चुकला की फोटो तसाच राहू द्या. बहुतेक वेळा दोष पडद्यापासून कागदापर्यंतच्या वाटेत असतो, आणि शांतपणे एकेक गोष्ट तपासली तर तो सापडतो.

सुरुवात नोझल चेकने करा, म्हणजे प्रिंटरला प्रत्येक रंगाच्या चाचणीच्या रेघा छापायला सांगा. साधा कागद लागतो आणि शाई नाममात्र. रेघांपैकी एखादी तुटक आली, तर त्या रंगाची शाई नीट उतरत नाही. निळसर सायन कमी पडला की चेहरे लालसर येतात, मॅजेंटा कमी पडला की हिरवट, पिवळा कमी पडला की निळे-जांभळे. एक-दोनदा हेड क्लीनिंग करा. तेवढ्याने रेघा जुळल्या नाहीत तर प्रिंटर काही तास तसाच ठेवा आणि मग पुन्हा पाहा. लागोपाठ क्लीनिंग करू नका, कारण प्रत्येक वेळी शाई खर्च होते आणि आतला वाया गेलेल्या शाईचा पॅड भरत जातो.

रेघा अखंड असतील तर रंगतपासणीसाठी बनवलेलं एखादं चित्र छापा. अशी चित्रं इंटरनेटवर मोफत मिळतात. त्यांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची करडी पट्टी असते, वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे असतात. काहीही न बदलता छापा आणि पट्टी पाहा. ती करडीच आली, चेहरे नैसर्गिक आले, तर प्रिंटरवर संशय नको. गडबड पडद्यात किंवा तुमच्या फाइलमध्ये आहे. पट्टीवर गुलाबी किंवा हिरवी झाक आली, तर सेटिंग तपासायची वेळ आली.

माझ्या मते घरोघरची सर्वात मोठी चूक इथेच होते. रंग सांभाळण्याचं काम एकाच वेळी दोघे करत असतात. फोटोशॉप कागदाच्या प्रोफाइलप्रमाणे, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतात याच्या नोंदीप्रमाणे, रंग बदलून पाठवतं आणि प्रिंटरचा ड्रायव्हर त्यावर पुन्हा स्वतःची दुरुस्ती चढवतो. एकाच आमटीत दोघांनी मीठ घालावं, तसं होतं. फोटो गडद येतो आणि बहुधा त्यावर मॅजेंटाची झाक चढते. तेव्हा एकालाच काम द्या. फोटोशॉपला द्यायचं असेल तर छपाईच्या खिडकीत ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडा, कागदाचं प्रोफाइल निवडा आणि ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद करा. एप्सनमध्ये ती ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ या नावाने सापडते; कॅननमध्ये रंगाच्या मॅन्युअल सेटिंगमध्ये जाऊन ‘नन’ निवडावं लागतं. हे सगळं किचकट वाटत असेल तर उलट करा: काम प्रिंटरवर सोपवा आणि फाइल एसआरजीबीमध्ये ठेवा. १९९०च्या दशकापासून रुळलेली ही रंगपद्धत बहुतेक घरगुती प्रिंटर गृहीत धरतात. कॅमेऱ्यात ‘अ‍ॅडोबी आरजीबी’ लावलेलं असेल तर तेही बदला. ते न ओळखणाऱ्या ॲपमधून छापलेले फोटो मलूल येतात.

कोणतीही वाट धरा, कागदाचा प्रकार मात्र अचूक निवडा. किती शाई सोडायची हे त्यावरून ठरतं. ग्लॉसी कागद घालून ‘प्लेन पेपर’ ठेवलं, तर कुणीही रंग सांभाळला तरी उपयोग नाही. प्रोफाइल हे प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांचं मिळून असतं. वेगळ्या कंपनीची शाई भरली की जुनं प्रोफाइल लागू पडत नाही.

रंग बरोबर पण फोटो काळवंडलेला, ही तक्रार तर सर्रास ऐकू येते. कारण बहुधा पडद्याचा ब्राइटनेस. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, कागदाला खोलीतल्या उजेडावर भागवावं लागतं. रिकामं पांढरं पान पडद्यावर उघडा, शेजारी चांगल्या उजेडात कोरा फोटो पेपर धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. कॅलिब्रेटर असेल तर ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवतात. ‘नाइट लाइट’सारखी पिवळट करणारी सोय बंद ठेवा, आणि लॅपटॉपच्या पडद्याकडे समोरून पाहा.

छापलेला फोटो लगेच पारखू नका. शाई वाळताना रंग थोडा सरकतो. एक दिवस थांबलेलं बरं. पिवळ्या बल्बखाली नको, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात पाहा. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि शाई पसरू शकते, म्हणून पाकीट उघडं टाकू नका.

एवढं करूनही काही रंग हातात येत नाहीत, आणि तिथे प्रिंटरला दोष देणं योग्य नाही. रिसेप्शनच्या स्टेजवरचा एलईडीचा झगझगीत निळा किंवा राणी रंगाची पैठणी पडद्यावर जशी चमकते, तशी घरगुती प्रिंटरच्या शाईत बहुधा मावत नाही. फोटोशॉपमध्ये कागदाचं प्रोफाइल लावून ‘प्रूफ कलर्स’ सुरू केलं, तर कोणता रंग कुठे मऊ पडणार हे छापण्याआधीच कळतं. अशा फोटोची वेगळी प्रत काढा आणि तेवढ्याच रंगाची तीव्रता थोडी उतरवा. पैठणी जरा फिकी होईल, पण पदरावरचे मोर आणि निऱ्यांच्या घड्या स्पष्ट दिसतील.