ट्यूब जरा वळवा

रूट कॅनाल झालेली खालची पहिली दाढ पुन्हा ठणकते म्हणून पेशंट येतो. एक्स-रेत तिन्ही कॅनाल टोकापर्यंत भरलेले, वर कॅपही व्यवस्थित. तरी डिस्टल मुळाच्या टोकाशी काळी सावली. अशा वेळी आधीच्या डॉक्टरला नावे ठेवण्याआधी ट्यूब मेशियल बाजूने 20 ते 30 अंश वळवून आणखी एक एक्स-रे घ्या. जिभेकडच्या बाजूला एक जादा मूळ निघते आणि त्याला कोणी हातच लावलेला नसतो, असे अनेकदा होते.

या मुळाची, म्हणजे रॅडिक्स एंटोमोलॅरिसची, नोंद कॅराबेलीने 1844 मध्येच केली होती. पूर्व आशियाई लोकांत ते बरेच आढळते, आपल्याकडे कमी. पण ज्याच्या तोंडात ते आहे, त्याला या टक्केवारीचा काय उपयोग? सरळ एक्स-रेत ते मुख्य डिस्टल मुळाआड दडते. कडेची रेघ दुहेरी दिसली किंवा कॅनाल मध्येच पुसट झाला, की तिथेच थबकावे.

दाढ उघडल्यावर तळ धुऊन, कोरडा करून, भिंगाखाली पाहा. क्रॅस्नर आणि रँको यांनी 500 दात तपासून 2004 मध्ये मांडलेले नियम रोजच्या कामाचे आहेत. तळाचा रंग भिंतींपेक्षा गडद असतो आणि ऑरिफिस तळ व भिंत मिळतात त्या कडेवरच सापडतात. सममितीच्या नियमानुसार खालच्या दाढेत डिस्टल ऑरिफिस मधल्या रेषेवर नसून गालाकडे सरकलेले असेल, तर जिभेकडे त्याचा जोडीदार शोधायलाच हवा. त्यासाठी त्रिकोणी अ‍ॅक्सेस चौकोनी करावा लागला तर करावा. हे मूळ टोकाशी बहुधा गालाकडे वळते. म्हणून आधी 10 नंबरची के-फाईल वाकवून घाला. थेट रोटरी चालवली तर फाईल तुटायला वेळ लागत नाही.

खालच्या दुसऱ्या दाढेतला सी-आकाराचा कॅनाल वेगळ्या तऱ्हेने फसवतो. तिथे सममितीचा नियम चालत नाही. खाचेच्या बाजूची भिंत इतकी पातळ असते, की गेट्स ग्लिडन जोरात फिरवले तर भोक ठरलेलेच. त्या फटीत फाईलपेक्षा हायपोक्लोराइट आणि अल्ट्रासॉनिक यांच्यावर भिस्त ठेवावी.

सीबीसीटी हवे तिथे जरूर काढावे. पण तालुक्याच्या पेशंटला त्यासाठी शहरात धाडण्याआधी आपल्याच खुर्चीवरचा दुसरा कोन वापरून झालेला असावा. नव्या एंडोमोटरवर आपण सहज पैसे घालतो आणि या एका एक्स-रेचा मात्र कंटाळा करतो. ‘एकाच बैठकीत रूट कॅनाल’ अशी पाटी लावली, की हा कंटाळा आणखी वाढतो.

वाचकांना एक विनंती आहे. काम संपल्यावर पेशंटच्या कागदावर नुसते ‘आरसीटी पूर्ण’ लिहू नका. किती कॅनाल सापडले, कुठे सापडले आणि कोणता शोधूनही मिळाला नाही, तेही लिहा.